फादर, पाळक की याजक? अँग्लो-कॅथलिक धर्मगुरूच्या आयुष्यामागची गोष्ट

मराठी ख्रिस्ती घरांत एक प्रश्न हमखास निघतो, फादर म्हणजे कॅथलिक ना, मग यांना बायको-मुलं कशी काय? विचारणारा बहुतेक वेळा एखाद्या जुन्या अँग्लिकन देवळात लग्नाला नाहीतर बाप्तिस्म्याला जाऊन आलेला असतो, तिथली वेदी, मेणबत्त्या, क्रूसावरचा ख्रिस्त, अंगभर रंगीत झगा घातलेला माणूस बघून त्याला वाटतं आपण रोमन चर्चमध्येच बसलोय, आणि बाहेर आल्यावर पाटीवर भलतंच नाव. हे अँग्लो-कॅथलिक, म्हणजे पोपखाली नसलेल्या इंग्लंडच्या (अँग्लिकन) मंडळीत राहूनच जुनी कॅथलिक उपासना आणि याजकपण जपणारे लोक, आणि त्यांच्या धर्मगुरूंना लग्न करता येतं. उत्तर देणारे पण गडबडतात. कारण याचं उत्तर एका वाक्यात होतच नाही, त्यामागे दोनशे वर्षांची भांडणं आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत, तुरुंग आहेत, आणि एक शब्द आहे जो मराठीत आणायला गेलं की त्याचे दोन तुकडे होतात.

मी लहानपणी वेदीवर मदतीला असायचो तेव्हाचं एक चित्र डोळ्यांपुढून जात नाही. उपासना सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं. वेस्ट्रीत (देवळातली तयारीची खोली) धर्मगुरू हात धुतो, पांढरा पायघोळ अल्ब डोक्यातून घालतो, कमरेला दोरी बांधतो, मग स्टोल, म्हणजे लांब पट्टा, उचलून त्यावरच्या क्रूसाचं चुंबन घेतो आणि गळ्यात घालतो, आणि सगळ्यात वरून चॅसुबल, तो रंगीत झगा. प्रत्येक कपड्याची एक छोटी प्रार्थना, ती ओठांतल्या ओठांत. त्या दहा मिनिटांत त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, अगदी ट्रस्टींनीसुद्धा नाही. बाहेर लोकांना दिसतो तो झगा. आतली ती गप्प प्रार्थना कोणालाच दिसत नाही. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढची जवळजवळ सगळी भांडणं दिसणाऱ्या गोष्टींवरून झाली, आणि ही परंपरा उभी राहिली ती न दिसणाऱ्या गोष्टींवर.

हेन्री आठव्याने इंग्लंडची मंडळी रोमपासून तोडली, पुढे एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ वगैरे, ते सगळ्यांना माहीत आहे म्हणून सोडून देतो. एवढंच की अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधला साधारण पॅरिश धर्मगुरू म्हणजे गावातला एक सुशिक्षित सभ्य गृहस्थ, रविवारी उपदेश वाचणार, प्रभुभोजन बऱ्याच ठिकाणी वर्षातून तीन-चारदा. वाईट माणसं होती असं अजिबात नाही. पण सकाळ-संध्याकाळची प्रार्थना रोज म्हणायची हा नियम प्रार्थना पुस्तकात छापलेला होता (१६६२ च्या पुस्तकात स्पष्ट आहे, प्रत्येक प्रीस्ट आणि डीकनने (प्रीस्टच्या खालचं पद) रोज म्हणायची, आजारपण किंवा तसंच मोठं कारण असेल तरच सूट, आणि पॅरिशच्या धर्मगुरूने देवळाची घंटा वाजवायची म्हणजे लोकांना कळेल), तो बहुतेकांच्या लेखी कागदावरच होता.

१४ जुलै १८३३ ला ऑक्सफर्डमध्ये जॉन केबल या धर्मगुरूंनी तो गाजलेला उपदेश केला, तिथून ही चळवळ सुरू झाली असं मानतात, निमित्त आयर्लंडमधली दहा बिशपपदं सरकारने बंद करायला घेतली हे. प्रश्न मोठा होता. मंडळी सरकारची की ख्रिस्ताची? सरकार कायदा करून बिशप कमी करू शकत असेल तर धर्मगुरूचा अधिकार येतो कुठून? उत्तर त्यांनी दिलं की तो प्रेषितांपासून हातावर हात ठेवत चालत आलेल्या परंपरेतून येतो, पार्लमेंटमधून नाही. त्याच वर्षी त्यांच्या गटाची पत्रकं निघायला लागली, १८४१ पर्यंत नव्वद झाली. पहिल्या पत्रकाच्या सुरुवातीलाच लेखक म्हणतो की मी तुमच्यातलाच एक प्रेसबिटर (मंडळीतला वडील, धर्मगुरू) आहे आणि म्हणून माझं नाव झाकून ठेवतो. नाव नाही, पद आहे! मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे या परंपरेतले सगळे वाद त्या एका शब्दाभोवती फिरणार होते.

पण १८३३ म्हटलं की लोकांना लगेच धूप आणि मेणबत्त्या आठवतात ते चूक आहे. पहिल्या पिढीतल्या बहुतेकांना कपड्यालत्त्यात फारसा रस नव्हता. त्याच गटातल्या प्युसींसारखा माणूस आयुष्यभर साध्याच पद्धतीने उपासना चालवत राहिला. त्यांनी बदललं ते आतलं. १८३४ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या सेंट मेरीजमध्ये रोजची सकाळची प्रार्थना सुरू झाली. उपास परत आले. आणि १ डिसेंबर १८४६ ला प्युसींनी स्वतः केबलपुढे गुडघे टेकून पहिली पापकबुली दिली, वय सेहेचाळीस, देशातला नावाजलेला हिब्रूचा प्राध्यापक. बायको वारून सात वर्षं झाली होती, मुली गेल्या होत्या, जवळचा मित्र रोमन चर्चमध्ये गेला होता. दुसऱ्यांच्या कबुल्या ते त्याआधीपासून ऐकत होते, पण स्वतः दिली नव्हती, आणि हे त्यांना आतून खात होतं. दुसऱ्याला जे करायला सांगतो ते आपण करत नाही हे ज्या धर्मगुरूला सहन होत नाही तो धर्मगुरू ही त्या चळवळीने घडवलेली खरी गोष्ट, झगे नंतर आले.

आता तो शब्द. इथे जरा जास्त वेळ घेतो.

इंग्रजीतला ‘प्रीस्ट’ हा शब्द मुळात ग्रीक ‘प्रेसबुतेरॉस’पासून घासून घासून झालेला, अर्थ वडील, जाणता माणूस. पण इंग्रजीत तोच शब्द देवळात बळी अर्पण करणाऱ्यालाही वापरला गेला, ज्याला ग्रीकमध्ये अगदी वेगळा शब्द आहे, ‘हिएरेउस’. म्हणजे एकाच शब्दाच्या पोटात दोन अर्थ. मराठी पवित्र शास्त्र भाषांतर करणाऱ्यांनी मात्र हे दोन अर्थ नीट वेगळे ठेवले, मंडळीत नेमलेले ते ‘वडील’ आणि यरुशलेमच्या मंदिरात अर्पण करणारा तो ‘याजक’. मराठी वाचकाला त्यामुळे जे लख्ख दिसतं ते इंग्रजी वाचकाला दिसत नाही, की नव्या करारात कुठल्याही मंडळीच्या पुढाऱ्याला याजक म्हटलेलं नाही. याजक म्हणजे ख्रिस्त, नाहीतर मग सगळेच विश्वासणारे, ‘राजकीय याजकगण’. म्हणून आपल्याकडच्या अमेरिकन नाहीतर स्कॉटिश मिशनच्या मंडळीत वाढलेल्या माणसाला अँग्लो-कॅथलिक बाजू समजावून सांगायला गेलं की तो शास्त्र उघडतो आणि बोट ठेवतो, दाखवा याजक कुठे लिहिलंय! आणि तो शब्दशः बरोबर असतो.

अँग्लो-कॅथलिक उत्तर असं की धर्मगुरू स्वतःच्या बळावर याजक नाहीच, याजक एकच, ख्रिस्त, आणि सगळी मंडळी त्या याजकपणात सहभागी आहे, पण शरीराला जसं बोलायला तोंड लागतं तसं त्या सगळ्या मंडळीच्या वतीने वेदीपाशी उभं राहायला एक माणूस वेगळा काढलेला असतो. तो वडीलही आहे आणि त्या अर्थाने याजकही. हे उत्तर मला पटतं, हे लपवत नाही. पण हेही खरं की गावोगावच्या उपदेशांत हा बारकावा नेहमी टिकला नाही आणि लोकांच्या कानावर गेलं ते एवढंच की फादर लोक स्वतःला तुमच्या-माझ्यापेक्षा वरचे समजतात.

या शब्दाच्या मागे दीक्षाविधीचा इतिहास आहे. १५५० च्या इंग्रजी दीक्षाविधीत नव्या धर्मगुरूच्या एका हातात पवित्र शास्त्र आणि दुसऱ्या हातात भाकरीसकट प्याला द्यायचे. दोनच वर्षांनी, १५५२ मध्ये, प्याला गेला, फक्त शास्त्र राहिलं. १६३७ मध्ये स्कॉटलंडसाठी पुस्तक काढलं तर त्यात ‘प्रीस्ट’ऐवजी ‘प्रेसबिटर’ घातलं, कारण नुसत्या शब्दावरून दंगा होईल अशी भीती, आणि दंगा तरीही झालाच. १६६२ मध्ये हात ठेवतानाच्या वाक्यात मुद्दाम भर घातली की ‘प्रीस्टच्या पदासाठी आणि कामासाठी’ पवित्र आत्मा घे, आणि त्याच वाक्यात पुढे, ज्यांच्या पापांची तू क्षमा करशील त्यांची क्षमा झाली आहे. हे वाक्य इंग्लंडच्या मंडळीत सतत होतं, कबुली ऐकणाऱ्यांनी ते बाहेरून आणलेलं नाही, हे विरोधकांनी कधी मोकळेपणाने मान्य केलं नाही.

मग सप्टेंबर १८९६ मध्ये रोमहून निर्णय आला. चौदाव्या-पंधराव्या शतकातली नाही ही गोष्ट, आपल्याकडे प्लेग आला त्याच महिन्यांतली. पोपने जाहीर केलं की अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे रद्दबातल आहेत, कारण एडवर्डच्या काळातल्या विधीतून अर्पणाचा उल्लेख काढला, प्याला काढला, शब्दांत ‘प्रीस्ट’चं काम कोणतं ते सांगितलंच नाही, आणि १६६२ ची भर घालेपर्यंत शंभर वर्षं उलटून गेली होती, तोवर हात ठेवायला खरे बिशपच उरले नव्हते. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या दोघा आर्चबिशपनी लॅटिनमधून उत्तर पाठवलं, त्यातला मुख्य मुद्दा असा की हा नियम लावायचा तर रोमचेच जुने विधी पण नापास होतील, कारण त्यांतही हे शब्द नव्हते. उत्तर मजबूत होतं. पण ज्या धर्मगुरूने आपलं सगळं आयुष्य ‘मी प्रेषितांच्या परंपरेतला याजक आहे’ या एका खात्रीवर उभं केलं होतं, रोज पहाटे उठून वेदीशी उभा राहत होता, त्याला स्वतःच्याच मंडळीतले म्हणत होते तू रोमचा हेर, आणि रोम म्हणत होतं तू साधा गृहस्थ. अशा माणसापुढे आधाराला उरतं काय? रोजची प्रार्थना, रोजची मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना), कबुली, आणि ज्या लोकांमध्ये राहतो ते लोक. १८९७ मध्येच ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाने या विषयावर जे पुस्तक लिहिलं त्यात हाच मुद्दा होता, की याजकपण म्हणजे फक्त वेदीवरची क्रिया नाही, दुसऱ्यांसाठी स्वतःला वाहून टाकणारी आतली वृत्ती त्यामागे नसेल तर बाहेरचं अपुरं आहे.

लोक म्हणजे कोणते लोक हे बघायला लंडनच्या गोदीकडे जावं लागतं. १८५० नंतरची पिढी तिथे गेली, जिथे दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. १८५५ मध्ये सहा धर्मगुरूंनी मिळून एक संघ काढला, प्रत्येकाने जीवनाचा नियम लिहून घ्यायचा, प्रार्थना, कबुली, पैसे, सगळं. १८५९-६० मध्ये पूर्व लंडनच्या एका देवळात रविवारच्या रविवार दंगल व्हायची, लोक उपासनेत शिट्ट्या मारायचे, कुत्री आत सोडायचे. १८६६ मध्ये गोदीजवळ नवं देऊळ उघडलं आणि त्याच उन्हाळ्यात कॉलरा आला, तिथला धर्मगुरू आजारी मुलांना उचलून दवाखान्यात नेत होता. त्यानंतर गोदीतले लोक त्याला ‘फादर’ म्हणायला लागले, मठात न राहणाऱ्या अँग्लिकन धर्मगुरूला फादर म्हणायची सुरुवात तिथून झाली असं सांगतात. म्हणजे वर जो प्रश्न आहे, बायको-मुलं असलेला फादर कसा, त्याचा एक धागा इथे आहे, हा शब्द रोमहून उसना आणला म्हणून रुजला नाही, कॉलऱ्याच्या वस्तीत लोकांच्या तोंडून आला म्हणून रुजला.

याच वस्त्यांमध्ये झगे, धूप, दिवे आले. अंधाऱ्या, कोंदट, घाण गल्लीत राहणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी काहीतरी सुंदर बघायला मिळावं, देव फक्त पुस्तक वाचता येणाऱ्यांचा नाही हे डोळ्यांना आणि नाकाला कळावं, हा विचार होता. कायदेशीर आधार होता प्रार्थना पुस्तकातली एक ओळ, की एडवर्ड सहाव्याच्या दुसऱ्या वर्षी पार्लमेंटच्या अधिकाराने जी साधनं आणि वस्त्रं वापरात होती तीच राहतील. ओळ साधी, अर्थ लागत नाही. प्रीव्ही कौन्सिल या वरच्या सरकारी कोर्टाने १८७१ मध्ये ठरवलं की वस्त्रं बेकायदेशीर, १८७७ मध्ये परत तेच. मधे १८७४ मध्ये पार्लमेंटने खास कायदाच केला, पंतप्रधानांनी सभागृहात सांगितलं की रिच्युअलिझम (हे झगे-धूप-दिव्यांचे विधी) दडपण्यासाठी आणलाय. वादाचे मुद्दे सहा, पूर्वेकडे तोंड करून उभं राहणं, वस्त्रं, वेदीवरचे दिवे, द्राक्षारसात पाणी, बिनखमिराची पातळ भाकर, धूप.

या कायद्यामुळे १८७७ ते १८८७ मध्ये पाच धर्मगुरू तुरुंगात गेले. एक मँचेस्टरकडचा, तो लँकेस्टरच्या किल्ल्यात वीस महिने होता. गुन्हा काय तर वेदीशी कसं उभं राहायचं. खरं म्हणजे ते उपासनेसाठी आत गेले नाहीत, कोर्टाचा हुकूम मानला नाही म्हणून गेले, कारण सरकारी कोर्टाला वेदीवर अधिकार नाही ही त्यांची भूमिका.

बर्मिंगहॅमच्या बोर्ड्स्लीमधली केस तर वाचवत नाही. कोणीतरी प्रभुभोजनाला पुढे आला, हातावर पवित्र केलेली पातळ भाकर घेतली, खाल्ली नाही, खिशात घातली, आणि ती कोर्टात पुरावा म्हणून दाखल झाली. कागदपत्रांबरोबर फाईलला. ज्या धर्मगुरूच्या लेखी ते ख्रिस्ताचं शरीर आहे त्याला काय वाटलं असेल? देशभर गदारोळ झाला तेव्हा आर्चबिशपनी, जे स्वतः या कायद्याच्या बाजूचे होते, ती भाकर मागवून घेतली आणि आदराने स्वतः सेवन केली. कायद्याला दिसते फक्त वस्तू. भाकर पातळ आहे की जाड, पाणी घातलं की नाही. त्या माणसाने ती सकाळ उपाशीपोटी प्रार्थनेत काढली हे कुठल्या फाईलला लावणार?

१८९० मध्ये मात्र गोष्ट फिरली. लिंकनच्या बिशपवर याच मुद्द्यांवरून खटला चालला, साधा प्रेमळ माणूस, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला भेटायला स्वतः जाणारा, त्याच्यावर खटला बघून विरोधकांनाही वाईट वाटलं. नोव्हेंबरमध्ये आर्चबिशपनी निर्णय दिला, दिवे चालतील, पूर्वेकडे तोंड चालेल पण हातांच्या क्रिया लोकांना दिसल्या पाहिजेत, प्याल्यात पाणी आधीच मिसळून आणलेलं चालेल पण उपासनेच्या मधे मिसळायचं नाही. एका थेंबासाठी इतकं! आणि बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसकट मंडळी चहाला गेली आणि मग कोण प्यालं, कोणी नुसता कप हातात धरला, प्रायश्चित्त कोणी घ्यायचं यावर पुढची दोन वर्षं ग्रामण्य (जातीतून बाहेर टाकण्याचा वाद) चाललं. प्याला आपल्याकडेही काही कमी गाजला नाही. आपण ते प्रकरण फक्त सनातनी विरुद्ध सुधारक असं वाचतो, पण ज्यांच्या दारात ते घडलं ते मिशन याच परंपरेतलं होतं, याच लिंकनच्या बिशपच्या बाजूचं.

ते तिथे आले कसे? ऑक्सफर्डजवळ काउली गावात २७ डिसेंबर १८६६ ला तीन धर्मगुरूंनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रतं घेतली, सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर इंग्लंडच्या मंडळीत पुरुषांचा टिकलेला पहिला मठसंघ तो हाच. आपल्याकडे त्यांना काउली फादर म्हणतात. १८७० च्या दशकात ते मुंबईला आणि पुण्याला आले, १८७७ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्स पुण्यात आल्या, १८८५ मध्ये गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालय उभं राहिलं, नंतर त्याचा उंच मनोरा आणि त्यातल्या आठ घंटा. त्या पहिल्या तिघांतले एक इंदूरला एकटेच अगदी फकिरासारखे राहिले आणि १८८२ मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेले.

आणि नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५, काशीत वाढलेले चित्पावन पंडित, ख्रिस्ती धर्माचं खंडन करायला म्हणून वाचायला बसले आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १८७० मध्ये धर्मगुरूची दीक्षा, पुढे काउलीला जाऊन उमेदवार म्हणून राहिले, पण शेवटची व्रतं घेतली नाहीत. मनाने फार हळवा माणूस, सतत स्वतःच्या विश्वासाची तपासणी करणारा, शंका लपवायचा नाही. षड्दर्शनांवर त्यांनी केलेला वाद विद्वानांना माहीत आहे, पण त्यांच्या जवळच्यांना आठवत राहिलं ते त्यांचं अंगावरच्या कपड्यापलीकडे काही न ठेवणं. १८९५ मध्ये मुंबईत गेले. मराठीत ‘फादर’ शब्दाला वजन आलं त्यात फादर गोऱ्ह्यांचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

पंडिता रमाबाईंवर त्यांचा प्रभाव पडला, १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला. पण रमाबाईंनी या परंपरेला जे प्रश्न विचारले ते अजून जिवंत आहेत. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र आहे का? आणि माझ्या विवेकाच्या आणि देवाच्या मधे धर्मगुरू का? सिस्टर्सना वाटलं ही हट्टी आहे. मला वाटतं इथे परंपरेने ऐकायला हवं होतं. धर्मगुरूने ज्या आज्ञापालनाची शिस्त स्वतः स्वीकारली होती ती दुसऱ्यावर लादली की ती शिस्त राहत नाही, हुकूम होतो. पुढे १९२२ मध्ये अहमदनगरला आणि मग पुण्यात शिवाजीनगरला जो आश्रम निघाला, खादी, जमिनीवर बसून जेवण, भारतीय सूर, तो एका अर्थाने रमाबाईंना दिलेलं उशिराचं उत्तर होता. व्रतं तीच, झगा बदलला.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ही मंडळी कोपऱ्यात राहिली नाहीत. १९२० पासून लंडनला मोठी संमेलनं भरायला लागली, १९२३ च्या संमेलनात झांझिबारच्या बिशपनी सांगितलं की वस्तीतल्या येशूची दया येत नसेल तर वेदीवरच्या येशूची भक्ती करतो म्हणायचा हक्क नाही. पण १९२७ आणि १९२८ मध्ये नवं प्रार्थना पुस्तक पार्लमेंटने दोनदा फेटाळलं, मुख्य कारण आजाऱ्यांसाठी पवित्र भाकर राखून ठेवण्याची परवानगी. १८७४ चा कायदा अखेर १९६३ मध्ये रद्द झाला, तोवर तो मेलेलाच होता.

आपल्याकडे १९३० मध्ये मंडळी इंग्लंडपासून स्वतंत्र झाली आणि मग ऐक्याचा प्रश्न आला. दक्षिणेत १९४७ ला वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या तेव्हा बिशपच्या हातून दीक्षा न झालेल्यांना तसंच सामावून घेतलं, त्यावर इंग्लंडच्या अँग्लो-कॅथलिकांनी आकाशपाताळ एक केलं. म्हणून उत्तरेत वेगळं केलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवले गेले आणि प्रार्थना अशी केली की ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावं. ही दीक्षा होती की आशीर्वाद? मुद्दाम स्पष्ट केलं नाही. बाप्टिस्ट माणूस म्हणू शकत होता मला नव्याने दीक्षा नको होती आणि दिलीही नाही, अँग्लो-कॅथलिक म्हणू शकत होता आता सगळे परंपरेत आले. काहीजणांना ही पळवाट वाटते. मला तसं वाटत नाही, पण एक गोष्ट खटकते, त्यानंतर नियमांत शब्द आला ‘प्रेसबिटर’, १८३३ च्या पहिल्या पत्रकातलाच, आणि रोजच्या बोलण्यात राहिला ‘पाळक’, मधला ‘याजक’ अर्थ कुठे गेला ते कोणी विचारलं नाही. जुन्या काउली परंपरेच्या देवळात म्हातारी माणसं अजून फादर म्हणतात, पलीकडच्या मंडळीत त्याच माणसाला पाळक साहेब, आणि बदली झाली की त्या बिचाऱ्याचं नावच बदलतं.

इंग्लंडमध्ये पुढचा मोठा तडा ११ नोव्हेंबर १९९२ ला, स्त्रियांना प्रीस्ट म्हणून दीक्षा द्यायचा ठराव. १९९४ ला पहिल्या दीक्षा, २०१४ ला स्त्री बिशपचा मार्ग मोकळा. ही परंपरा दोन ठिकाणी फुटली, काही म्हणाले प्रेषितांच्या परंपरेत हे बसत नाही, त्यांच्यासाठी वेगळे बिशप नेमले, काही शेकडो धर्मगुरू रोमला गेले (२०११ पासून तिथे त्यांच्यासाठी खास व्यवस्था आहे, आणि १८९६ च्या निर्णयामुळे त्यांना परत दीक्षा घ्यावी लागते, म्हणजे तो प्याला अजून निघतोच). उरलेल्यांमध्ये आज त्याच वेदीवर तेच चॅसुबल घालून स्त्रिया उभ्या आहेत आणि रोजची प्रार्थना, कबुली, रिट्रीट (काही दिवस एकांतात प्रार्थना) सगळं तसंच पाळतात. माझं मत त्यांच्या बाजूने आहे.

पण या काळातली सगळ्यात जड गोष्ट दीक्षेची नाही. २०१५ मध्ये इंग्लंडचा एक निवृत्त बिशप तुरुंगात गेला, स्वतः मठसंघाचा संस्थापक, राखाडी झगा, साधी राहणी, लोक त्याला संत म्हणायचे. आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी आलेल्या तरुणांवर त्याने शिस्तीच्या नावाखाली अत्याचार केले होते, वर्षानुवर्षं, आणि तक्रारी आल्या तेव्हा मोठमोठ्या माणसांनी त्या झग्याकडे बघून त्याच्यावर विश्वास ठेवला. प्युसींच्या काळापासून ज्या लपलेल्या आयुष्यावर ही परंपरा उभी होती तेच लपलेपण इथे आडोसा झालं. यानंतर कबुलीच्या गुप्ततेवर चर्चा सुरू झाली. १६०३ च्या एका जुन्या नियमाचा तुकडा अजून रद्द झालेला नाही, त्याप्रमाणे कबुलीत ऐकलेलं धर्मगुरूने कोणालाही सांगायचं नाही. मुलांवरच्या अत्याचाराची कबुली आली तर? यासाठी नेमलेल्या गटाचं २०१९ मध्ये एकमत झालं नाही. पीडितांचं म्हणणं की गुप्तता आधी गुन्हेगाराच्या कामी येते. जुन्या धर्मगुरूंचं म्हणणं की पश्चात्ताप खरा असेल तर आधी पोलिसात जा मग क्षमा, असं कबुली ऐकणारा सांगू शकतो, आणि ते त्याने सांगायलाच हवं, पण स्वतः तोंड उघडायचं नाही. मला पीडितांची बाजू जड वाटते, आणि तरी तो जुना नियम मोडताना हात थरथरेल हेही समजतं.

सध्या जे नवे उमेदवार येतात त्यांच्याकडून म्हणूनच बाहेरच्या माणसाची देखरेख मागितली जाते, आध्यात्मिक मार्गदर्शक वेगळा, कबुली ऐकणारा वेगळा, वरिष्ठ वेगळा, कोणा एकाच्या हातात सगळं नको. १८५५ च्या त्या सहाजणांनी जीवनाचा नियम एकमेकांसमोर ठेवायचा ठरवलं होतं ते याच्यापासून फार लांब नव्हतं. आणि १६६२ चं ते वाक्य तसंच आहे, रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना म्हणायची आणि घंटा वाजवायची, कोणी येवो न येवो. मी ज्या देवळात वेदीवर मदतीला असायचो तिथे कामाच्या दिवशी सकाळी सातला दोन-तीन माणसं असायची, कधी कोणीच नाही. फादर दोरी ओढायचे, थोडं थांबायचे, आणि सुरू करायचे.